धन्यवाद, मंडळी

सकाळचे साडेआठ. माईंनी कोमट पाण्याचं भांडं, साबण, ब्रश आणि रेझर टेबलावर मांडला, नानांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. चिरंजीव अजून न्हाणीघरात होते, आणि चिरंजीवांच्या फोनशिवाय या घरात दाढीसुद्धा होत नसे.

"माई, सुरू करू नकोस हं!" आतून आवाज आला. "काल अर्धी करून ठेवलीस, सगळा व्हिडिओ वाया गेला."

"अरे, पाणी निवतंय."

"निवू दे. परत तापव."

पाणी परत तापलं, परत निवलं. नाना खिडकीबाहेर बघत बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, डाव्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर वाजत होती. शेवटी चिरंजीव केस पुसत आले. त्यांनी पडदा सरकवला, फुलदाणी फिरवावी तशी बापाची मान उजेडाकडे फिरवली आणि म्हणाले, "हां, आता प्रेमानं कर."

एकेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची दाढी प्रेमानं कशी करायची हे पोटच्या पोराकडून शिकायचं, याला म्हणतात प्रगती! माईंनी ब्रश फेसात घोळवला आणि हसल्या. कसं हसायचं तेही आता त्यांना जमलं होतं. थोडं डोळ्यांत, थोडं ओठांत, मान जराशी तिरकी.

नाना म्हणजे बाजारातले काटेवाले. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात उभी हयात गेली. दुकानात शिरले की आधी म्हणायचे, "काटा शून्यावर आण, मग बोल." दुकानदार त्यांना टरकून असत, कारण पाच ग्रॅमची लबाडीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बोलणं मोजकं, पण एकेक शब्द तोलून दिलेला. दोन वर्षांपूर्वी जांघेत हर्निया निघाला होता. गाठ दुखली की हातानं दाबून धरायचे आणि म्हणायचे, "बघू पुढच्या महिन्यात." तो पुढचा महिना यायच्या आतच मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऑपरेशन राहिलं ते राहिलंच.

समजायचं सगळं, फक्त शब्द बाहेर पडायचा नाही. तोंड उघडायचं, डोळे ताणले जायचे आणि शेवटी नुसता वारा.

तेव्हा चिरंजीवांनी पहिला व्हिडिओ टाकला. टाइल्सच्या शोरूममध्ये दिवसभर लोकांना फरशा दाखवणाऱ्या या माणसाला आपल्या अंगी केवढी कला आहे याचा शोध बापाला झटका आल्यावर लागला. व्हिडिओंसाठी फोनवर एक पान उघडलं आणि त्याचं नाव ठेवलं 'नानांचा नवा शब्द'. शब्दाचा अजून पत्ता नव्हता, पण बारसं उरकून घेतलं. सूनबाई एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. घरी आली की ती व्हिडिओला संगीत लावून द्यायची, बासरीचं, रडवेलं. महिन्याभरात दहा हजार माणसं नानांच्या मागे लागली. मागे लागली म्हणजे नुसती बघायला. हात लावून उठवायला त्यातला एकही कधी आला नाही.

उलट जे येत होते तेही यायचे थांबले. चार तासांच्या अंतरावर राहणारी लेक पूर्वी रोज संध्याकाळी फोन करायची. आता ती म्हणायची, "अगं माई, पानावर दिसतंच की सगळं. नाना किती छान दिसतात!" आणि एक लाल बदाम पाठवून मोकळी व्हायची. शेजारचे पोस्टमास्तर तीस वर्षं रोज पाचच्या ठोक्याला बुद्धिबळाचा पट घेऊन यायचे. आजारपणातही यायचे, नाना डाव्या हातानं खेळायचे. एकदा चिरंजीवांनी त्यांना न विचारता त्यांची हरलेली बाजी जगभर दाखवली. लोक काय हसले म्हणता! मास्तरांनी पट गुंडाळला तो गुंडाळलाच. मधे नऊ इंचांची भिंत, आणि त्या भिंतीपलीकडून हा गृहस्थ फोनवर लिहायचा, 'लवकर बरे व्हा, मित्रा.' उंटावरून शेळ्या हाकणारे पायलीला पन्नास असतात, पण इथे तर उंटही नव्हता, भिंतीला पाठ लावलेली आरामखुर्ची होती!

आणि माई? खोटं कशाला बोलायचं, माईंनाही ते गोड लागलं. जन्मभर 'काटेवाल्यांची बायको' एवढीच ओळख असलेल्या बाईला परकी माणसं 'माई, तुमच्यासारखी पत्नी होणे नाही' असं लिहू लागली. सूनबाई वाचून दाखवायची, त्या "चला, काहीतरीच" म्हणायच्या, आणि थोड्या वेळानं विचारायच्या, "अजून काय लिहिलंय गं?" नानांना भरवताना त्या पूर्वी नानांकडे बघत. आता फोनकडे बघत. चमचा दोनदा हनुवटीवर सांडला, तर तो भाग कापून टाकायची सोय होतीच.

या सगळ्यात एकच माणूस सरळ काम करायला येत होतं. थेरपीवाल्या बाई. आठवड्यातून तीनदा यायच्या, सुती पिशवीतून चित्रांची कार्डं काढायच्या. पेला, ताट, पलंग, संडास, आणि पोट धरून वाकलेला एक माणूस. त्या कार्डाखाली लिहिलेलं होतं, 'दुखतंय'.

"माई, दोन शब्द आधी," बाई म्हणाल्या होत्या. "दुखतंय आणि नको. बाकी सगळं खुणेनं चालतं. या दोघांवाचून माणसाचे हाल कुत्रं खात नाही. आणि एक लक्षात ठेवा, भलता एकच शब्द घोटून घेऊ नका. या आजारात तोच अडकून बसतो. मग तोंड उघडलं की तोच बाहेर पडतो, पाहिजे असो नसो."

एका दुपारी नानांच्या तोंडून 'न' निघाला. बाईंनी डाव्या हातावर ताल धरला, 'न... को', आणि चौथ्या खेपेला नाना चक्क म्हणाले, "न-हो." बाईंचे डोळे भरून आले. माई फोन शोधायला आत धावल्या. परत येईपर्यंत नाना दमले होते.

संध्याकाळी चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. "पहिला शब्द, आणि तोही 'नको'? लोक आठ महिने वाट बघताहेत, माई! नकाराचा शब्द कोण ऐकेल? काहीतरी छान पाहिजे. आता वीस हजार होतील, तेव्हा नाना लोकांचे आभार मानतील. 'धन्यवाद, मंडळी.' कसं वाटतं?"

"जमेल का रे त्यांना?"

"न जमायला काय झालं? घोटलं की जमतं."

पी हळद आणि हो गोरी! अकरा दिवस ती घोटणी चालली. सकाळचा चहा समोर ठेवायचा आणि म्हणायचं, "नाना, धन्यवाद. धन्य... वाद." बोलले की चहा. नाही बोलले तर चहावर साय धरायची. ज्या माणसानं जन्मात कधी कुणाची मिनतवारी केली नाही, त्याला दोन घोट चहासाठी आभार मानायला लावलं. बाराव्या दिवशी ते बोलले, अगदी स्वच्छ. "धन्यवाद, मंडळी."

बासरी लागली. तीस हजार झाले. कुठल्याशा कंपनीनं फुकट गादी पाठवली आणि नानांना तिच्यावर निजवून तिचाही व्हिडिओ झाला.

थेरपीवाल्या बाई पुढच्या वेळी आल्या, पेल्याचं कार्ड धरलं. नाना म्हणाले, "धन्यवाद, मंडळी." ताटाचं धरलं. "धन्यवाद, मंडळी." पोट धरलेल्या माणसाचं धरलं. नानांनी तोंड उघडलं, मान हलवली, कपाळावर शीर उठली, आणि पुन्हा तेच. मग ते स्वतःवरच चिडून डाव्या हातानं दांडा ठोकू लागले.

"हे काय करून ठेवलंत?" बाईंचा आवाज चढला.

"बाई, आठ महिन्यांत तुम्ही एक शब्द काढला नाहीत," चिरंजीव म्हणाले. "आम्ही अकरा दिवसांत दोन काढले."

"आणि बाकीच्यांची वाट बुजवलीत! अहो, माणूस आहे का पोपट? उद्या यांना काही झालं तर सांगणार कशानं? माई, तुम्ही तरी बोला."

माई बोलल्या. तेच त्यांना पुढे जन्मभर पुरलं. त्या म्हणाल्या, "तीस हजार माणसं काय वेडी आहेत का, बाई? तुम्ही उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

बाईंनी कार्डं पिशवीत भरली नाहीत. टेबलावर ठेवली आणि गेल्या.

पन्नास हजारांचा दिवस उजाडला तेव्हा घरात लग्नघाई होती. संध्याकाळी पाचला थेट प्रक्षेपण होतं. नवा आकाशी शर्ट आणला होता, मागच्या भिंतीवर फुगे लावले होते. सकाळी नानांनी चहाचा कप परतवला. दुपारी सुपाचा चमचा जिभेनं ढकलून दिला. डावा हात सारखा जांघेत जात होता.

"धन्यवाद, मंडळी," नाना म्हणाले.

"अहो, आत्ता नाही, पाच वाजता," माई हसल्या.

"धन्यवाद, मंडळी!" या वेळी मोठ्यानं.

"नाना आज जोरात आहेत हं!" चिरंजीव फुगा फुगवता फुगवता म्हणाले. "हाच जोर संध्याकाळी पाहिजे."

नानांनी माईंचं मनगट धरलं. घट्ट धरलं, बोटं रुतली. डोळ्यांत बघून सावकाश, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "धन्य... वाद... मंड... ळी." एकेचाळीस वर्षांत या माणसानं त्यांचं मनगट असं धरलं नव्हतं. पण तेवढ्यात सूनबाईनं विचारलं, "माई, साडी कुठली नेसताय?" आणि त्या मनगट सोडवून कपाटाकडे गेल्या.

पाच वाजले. फोन तिपाईवर उभा राहिला. चिरंजीवांनी कपाळावरचे केस नीट केले आणि अख्ख्या जगाला नमस्कार घातला. नाना खुर्चीत पुढे वाकले होते, तोंडावर घाम डवरला होता, आणि ते एकसारखे बोलत होते. "धन्यवाद मंडळी, धन्यवाद मंडळी, धन्यवाद मंडळी..." गालांवरून पाणी ओघळत होतं. फोनवर लाल बदामांचा पाऊस पडत होता. 'किती निर्मळ माणूस!' 'आनंदाश्रू!' 'नानांनी रडवलं!'

"माई, हात बघ ना नानांचा," चिरंजीव दातांतून पुटपुटले. "भलतीकडे आहे. बरं नाही दिसत."

माईंनी वाकून नानांचा डावा हात धरला. तो जांघेत घट्ट दाबलेला होता, सहज निघेना. त्यांनी जोर लावून तो उचलला, वर धरला आणि पन्नास हजार लोकांना टाटा करायला हलवला.

नानांनी किंकाळी फोडली. तीसुद्धा त्याच शब्दांत.

भिंतीपलीकडे पोस्टमास्तर आरामखुर्चीत फोन धरून हेच बघत होते. फोनमधला आवाज जरा मागून येत होता, भिंतीतून मात्र खरा आवाज आला. तो ऐकून म्हातारा ताडकन उठला आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा शेजारचा उंबरठा ओलांडून आत आला.

"अरे, गाढवांनो! ओरडतोय तो!" त्यांनी तिपाईला लाथ मारली. "वहिनी, तोंड काय बघता त्याचं, हात बघा त्याचा! हात कुठे आहे बघा!"

माईंनी बघितलं. शर्ट वर केला, पायजमा खाली सरकवला. हर्नियाची गाठ मुठीएवढी झाली होती, जांभळी आणि दगडासारखी कडक.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला नुसतं बोट लावलं आणि नाना म्हणाले, "धन्यवाद, मंडळी." तिथल्या एका तरुण नर्सनं तोंडावर हात ठेवला. "अय्या, हे ते नाना!" तिनं फोनही काढला, पण डॉक्टरीणबाईंनी बघितल्यावर मुकाट्यानं खिशात टाकला.

आतडं गाठीत अडकून काळं पडलं होतं. ऑपरेशन झालं. "सकाळी का नाही आणलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सकाळी सुटलं असतं ते. काही बोलले नाहीत का हे दिवसभर?"

दिवसभर तर बोलत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना गेले. शेवटपर्यंत तेच दोन शब्द पुटपुटत होते. लेक आली ती वरातीमागून घोडं. सगळं उरकून लोक पांगल्यावर चिरंजीव पलंगाच्या कडेला बसून फोनवर काहीतरी लिहीत होते. रडत होते, ते खोटं नव्हतं. पण रडता रडता अंगठा चालूच होता. लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवलं.

"'आमचे नाना गेले. जाता जातासुद्धा त्यांच्या ओठांवर तुमचेच आभार होते. धन्यवाद, मंडळी.' कसं वाटतं, माई?"

माई त्याच्याकडे बघत राहिल्या. हा आपल्याच पोटचा? आणि याला साथ देऊन फोनपुढे हसणारी ती बाई, ती तरी कोण होती?

"थेट लाव ते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"परवासारखं थेट लाव. मला बोलायचंय."

चिरंजीवांनी लगेच लावलं. आईचं दुःख उघड्यावर मांडायला त्यांना आग्रह लागत नसे.

माईंनी ना मान तिरकी केली, ना डोळे पुसले. "मी माई बोलतेय. परवा तुम्ही ज्यांना आनंदाश्रू म्हणालात, ते आनंदाश्रू नव्हते. यांना दुखत होतं. सकाळपासून दुखत होतं. 'दुखतंय' हा शब्द शिकवायला एक बाई येत होत्या, त्यांना मी घालवून दिलं, कारण तो शब्द तुम्हाला आवडला नसता. तुम्हाला आवडेल तेवढाच शब्द आम्ही यांच्या तोंडात ठेवला. मग हे त्याच शब्दात ओरडले. यांचा हात दुखऱ्या जागेवर होता. तो मी उचलला, तुम्हाला टाटा करायला. मी मारलं यांना. आणि तुम्ही बदाम पाठवलेत."

फोनवर बदाम वर जात होते, परवाइतकेच लाल. कुणीतरी लिहिलं, 'माई, किती प्रामाणिक!' आणखी कुणी लिहिलं, 'रडू नका, तुम्ही गोड दिसता.'

"माई, थांबू नकोस," चिरंजीव हळूच म्हणाले. "चौदा हजार लोक बघताहेत."

"तुझा बाप मेलाय रे," माई म्हणाल्या.

बासरी लावणाऱ्या सूनबाईनं पुढे होऊन त्यांच्या हातातून फोन काढून घेतला. चार ठिकाणी बोट लावलं, मधे एकदा फोननं विचारलं, 'नक्की?', तिथेही लावलं. मग म्हणाली, "पान पुसलं, माई." आणि मग ती पहिल्यांदा रडली.

चिरंजीव आठवडाभर खोलीचं दार लावून बसले. त्यांचं सुतक बापाचं होतं की पानाचं, ते त्यांनाच माहीत.

पंधरा दिवसांनी माई कार्डं घेऊन थेरपीवाल्या बाईंच्या दारात गेल्या.

"कार्डं परत करायला आलात?" बाईंनी विचारलं. आवाजात माफी नव्हती, आणि का असावी?

"नाही. कशी दाखवायची ते शिकवा. जिथे घरचे घोटून घेताहेत तिथे मला पाठवा. मी बसेन."

अशी घरं होती. नानांचं बघून चार घरांनी आपापले म्हातारे फोनवर मांडले होते. दोन गल्ल्या सोडून एक बसड्रायव्हर होते, निवृत्त, झटक्यानं वाचा गेलेले. त्यांची लेक त्यांना 'लव्ह यू ऑल' शिकवत होती! माई तिथे गेल्या, समोर स्टूल ओढून बसल्या आणि पिशवीतून पहिलं कार्ड काढलं.

"अय्या, पानावरच्या माई!" ड्रायव्हरांच्या लेकीनं फोन उचलला. "माई, जरा इकडे बघा ना, एकच मिनिट!"

माईंनी तिकडे बघितलं नाही. ड्रायव्हरांनी तोंड उघडलं होतं, शब्द घशात घुटमळत होता.

"घाई नाही," माई त्यांना म्हणाल्या, आणि आधी त्यांचा हात कुठे आहे ते बघितलं.